आमची संक्रांत विधानसभेत

माझं म्हायेर लोणंदाचं, रेल्वे फाटकाच्या पल्याडचं, बाप कांद्याच्या वखारीवर हमाल व्हता आन आय कांदा निवडाया जायाची, आन मला दिली ती हितं, कोरेगावाच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या कडंला. नवी आले तवा मला वाटायचं आपन जगाच्या बाहीर येऊन पडलो का काय. मालक वडाप चालवत्यात, म्हंजी जुनी जीप हाय आमची, गावातनं कोरेगावला मानसं न्यायाची आन आनायाची. मी शाळंत पोरांची खिचडी शिजवती. थोडं शिकलीया, वाचता येतंय, पन आमदार मंत्री म्हंजी आपल्याला ठावं ते बोर्डावरचं, हात जोडल्यालं. ती मानसं एका जागी बसून एकमेकाला जाब इचारत्यात, आन इचारलं तर उठून सांगावं लागतंय, हे मला कुनी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पन मी बघितलंय. ह्या डोळ्यांनी बघितलंय, काय सांगू तुमाला.

पन आदी दवाखान्याचं सांगते, त्याबिगार मुंबईचं कळायचं न्हाई. आमच्या गावात बाई अडली की मालकांची जीप, दुसरं काय न्हाई. आन ऊसाचा हंगाम लागला की खालचा रस्ता ट्रॉल्यांनी भरतोय, एक ट्रॉली कलंडली की झालं, म्होरं जाया न्हाई आन मागं फिराया न्हाई. माझी जाऊ संगीता, तिचं पयलं बाळ असंच त्या रस्त्यात गेलं. मालक जीपमधनं उतरून ऊसवाल्यांच्या पाया पडत व्हते, बाबांनो गाड्या मागं घ्या, आन ती बिचारी तरी काय करनार, त्यांच्या मागं बी रांग. मी जावंचं डोकं मांडीवर घिऊन बसल्याली. पोरगा व्हता. त्या वळनावर मालक अजून बी हॉर्न वाजवत न्हाईत, म्होरं कुनी आडवं आलं तर गप थांबून ऱ्हात्यात.

मग दवाखाना मंजूर झाला. किती कोटी लागलं त्ये आकडं माझ्या डोक्यात ऱ्हात न्हाईत, पन इमारत झाली बगा झ्याक, गुलाबी रंग, म्होरं लांबलचक ओटा, त्येच्यावर गुळगुळीत फरशी. आत खाटा आल्या, त्या पिलास्टिकात गुंडाळल्याल्या खिडकीतनं दिसायच्या. आन दाराला कुलूप. नर्स न्हाई, डॉक्टर न्हाई, नळ हाईत तर पानी न्हाई. येता-जाता आमी खिडकीला डोळं लावायचो आन घरला जायाचो. आता गावात येवढी सपाट, सावलीची जागा दुसरी न्हाई, तवा संक्रांतीला आमी बायांनी ठरवलं, हळदीकुंकू दवाखान्याच्या ओट्यावरच करू. संगीतानं ओटा धुतला, मी रांगोळी काढली, शाळंतल्या सतरंज्या हातरल्या, वान म्हनून चहाच्या गाळन्या वाटल्या. कुनीतरी म्हनलं, बसा ओळीनं, फोटू काढतो. आमी बसलो. नथी, गजरं, हातात गाळन्या, पाठीमागं दवाखान्याची पाटी. मी मधी, हिरव्या साडीत. आमाला काय म्हाईत त्यो फोटू कुठवर जानार हाय.

शिमग्याच्या सुमाराला माझ्या लेकीला, सारिकाला, दिवस ऱ्हायलं. तिला सांगलीला दिलीया, जावई मिल्ट्रीत असत्यात. पयलं बाळंतपन म्हायेरी, ही आमची रीत. मी विहीणबाईंना फोन केला, सातव्यात पोरीला आनते म्हनलं. विहीणबाई वाईट न्हाईत बरं का, सारिकावर लय माया करत्यात, पन त्या म्हनल्या, आवं कौसल्याबाई, हितं दवाखाना हाकंवर हाय, आन तुमच्यात कुलूप. ऊसाच्या हंगामात त्या रस्त्याला मी माझी सून न्हाई पाठवायची. त्यांचं खरंच व्हतं. फोन ठिवला आन चुलीम्होरं बसून रडले. एकुलती एक लेक माझी. तिचं पयलं बाळंतपन मला करता येऊ नये, तिला न्हाऊ घालाया मिळू नये, तिचं लेकरू पयल्यांदा माझ्या हातात येऊ नये, म्हंजी मी आय कशाला झाले.

त्याच दिवसांत आमचं आमदार गावात एका लग्नाला आलं. आमी बायका घोळक्यानं म्होरं गेलो, संगीताच्या बाळाचं सांगितलं, म्हनलं साहेब, आमच्या दवाखान्याचं काय. तर ते म्हनलं, आवं, मी विधानसभेत इचारलंय की, आन सरकारकडनं उत्तर आलंय, दवाखाना चालू हाय, गावातल्या महिला लाभ घेत्यात. आन फोटू बी जोडलाय. त्यांनी मोबाईल काढला आन आमच्याम्होरं धरला, म्हनलं ह्यात आजारी कोन कोन व्हतं सांगा मला. आमी बघितलं आन आमाला हसू आवरंना. आवं साहेब, आजारी कसलं, ही तर आमची संक्रांत, ह्या बगा हातात गाळन्या. आमदार हसलं न्हाईत. फोटू मोठा करून ते त्या गाळन्याच बघत बसलं. मग मला म्हनलं, वैनी, मुंबईला येता का, पास काढून देतो, आपला प्रश्न पुढच्या अधिवेशनात पुन्ना घेतो.

गेलो की मग, मी आन संगीता. साडी कंची नेसायची, तर चांगली हाय ती एकच, तीच हिरवी. आत जाताना मोबाईल काढून घेतला, पिशवी बघितली, मग वर गॅलरीत बसवलं. तिथला शिपाई म्हनला, मावशी, वाकून बघायचं न्हाई, टाळ्या वाजवायच्या न्हाईत, बोलायचं न्हाई. देवळात बी कुनी येवढं गप बसत न्हाई. आन खाली बघते तर काय, बोर्डावरली सगळी मानसं खरीखुरी बसल्याली, कोन चष्मा पुसतंय, कोन जांभई देतंय. मधी उंच खुर्चीवर अध्यक्ष. कितीबी मोठा मानूस असू दे, बोलायचं ते अध्यक्षांकडं बघून, भांडायचं झालं तरी आदी अध्यक्ष महोदय म्हनायचं आन मग भांडायचं. मला लय नवल वाटलं त्येचं. घराघरात असा एक अध्यक्ष पायजे, असं मी संगीताच्या कानात म्हनले तर शिपायानं माझ्याकडं बघितलं.

आन मग आमच्या गावाचं नाव घेतलं. काय सांगू तुमाला! एसटीवर सुदिक ज्या गावाची पाटी नसती, त्येचं नाव त्या येवढ्या मोठ्या घरात, माईकवरनं. मंत्रीसाहेब उठलं, कागद वाचला, सदर दवाखाना कार्यान्वित आहे. बसलं. आमचं आमदार उठलं. म्हनलं, अध्यक्ष महोदय, सरकारनं दिलेल्या ह्या फोटोत माझ्या भगिनींच्या हातात औषध नाही, चहाची गाळणी आहे. हे संक्रांतीचं वाण आहे. मंत्रीमहोदयांनी सांगावं, राज्यात कुठं आजारी बाया नथ घालून, गजरा माळून, रांगोळीपुढं ओळीनं बसतात. सगळी हसली. ह्या बाजूची हसली तशी त्या बाजूची बी हसली. मी पदर तोंडावर घेतला, अंगावर तीच साडी, वाटलं आता सगळी वर बघत्यात का काय.

मग आमदारांचा आवाज खाली आला. म्हनलं, ह्याच फोटोत एक बहीण आहे, तिचं पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवर, ऊसाच्या गाड्यांच्या रांगेत गेलं. बाकी काय म्हनलं न्हाईत, नाव घेतलं न्हाई. संगीतानं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. त्या पोराचं कुनी नाव ठिवलं न्हवतं, बारसं झालं न्हवतं, घरात बी त्येचा इषय कुनी काढत न्हवतं, आन तिथं येवढ्या लोकांनी ऐकलं की ते व्हतं. संगीता रडली न्हाई. ताठ बसून खाली बघत ऱ्हायली.

मंत्रीसाहेब उठलं. म्हनलं, मला खालून जी माहिती आली ती मी वाचली, उत्तर चुकलं, दसऱ्याच्या आत दवाखाना सुरू करतो, तसं सभागृहाला सांगतो. आवं, मंत्री उभा ऱ्हाऊन चुकलं म्हनतोय! एवढा संसार झाला माझा, मालकांच्या तोंडनं मी ह्यो शबुद ऐकला न्हाई. असं घर हाय, आन ते आपलं हाय, हेच मला येवढी वर्सं ठावं न्हवतं.

दसरा हुकला, आता खोटं कशाला सांगू, पन दिवाळीच्या तोंडावर नर्स आली, बोअर मारली, कुलूप निघालं. विहीणबाई सवता बघाया आल्या. त्यांनी काय केलं, सरळ आत गेल्या आन नळ सोडला. पानी आलं. नळ बंद केला, पुन्ना सोडला, मग माझ्याकडं वळून म्हनल्या, ठिवते लेकीला तुमच्यात. सारिकाला कळा लागल्या त्या दिवशी खालचा रस्ता ऊसानं तुंबला व्हता. मालकांनी तरी जीप दारात लावून ठिवली, तोंड रस्त्याकडं करून. लागली न्हाई. नात झाली, नर्सबाईंनी पुसून पयली माझ्याच हातात दिली.

डॉक्टर रोज येत्यात असं न्हाई. औषधं बी कवा असत्यात, कवा न्हाई. आमी आमदारांना सांगतो, ते पुन्ना इचारत्यात. चालायचंच, इचारनाऱ्याला देव बळ देवो.

ह्या संक्रांतीला नातीचं बोरन्हान केलं, ते घरीच. हळदीकुंकू शाळंच्या पटांगनात घातलं, कारन ओट्यावर जागाच न्हाई आता. नर्सबाईंना वान द्याया म्हनून मी आन संगीता तिकडं गेलो, तर ओळीनं बाया बसल्याल्या, कोन पोटुशी, कोन तापलेलं लेकरू घिऊन, कुनी बी नटल्यालं न्हाई. संगीता मला म्हनली, आक्का, ह्यांचा काडा म्हनावं आता फोटू. आन मग ती खाली बसली, आन तिथं अनोळखी बाईचं पोरगं व्हतं, ते तिनं मांडीवर घेतलं.