मांडीची टाच

(अंजनगाव सुर्जी. पानमळ्याच्या दाराशी बाजेवर सत्यवती बसलेली. समोर खाली तिचा नवरा सहदेव, हातात कापसाचा बोळा. त्याच्या चपला दाराबाहेर काढलेल्या.)

सत्यवती : पायात चप्पल घालून पानमळ्यात शिरू? देवाची जागा हाय थे. आजवर आपल्या घरातलं कोनी शिरलं का तसं?

सहदेव : मी कुठी शिर म्हनलो? बाजेवर बसून पानं निवड.

सत्यवती : वर्ष झालं, बसूनच तं राहिली. वेल कुठवर चढले, थेबी तुमच्याच तोंडून आयकाचं.

सहदेव : अनवानी गेली अन् काटा रुतला, तं तुले समजनार बी नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं किती डाव बजावलं! आधी टाचेले समजू द्या म्हने.

सत्यवती : अवो, टेम्पोनं टाचेचं मांस नेलं, डॉक्टरनं मांडीचं काढून तिथं बसवलं. मांडीनं कधी भुई पाहेली हाय का? तिले शिकवाच लागन. बाजेवर बसून शिकन का थे?

सहदेव : शिकवनीच तं घेऊन राहिलो रोज. कर पाय इकडे. डोळे मिट.

सत्यवती : पुन्हा थो कापूस!

सहदेव : डॉक्टरनं कापूसच फिरवाले सांगतला.

सत्यवती : मले वल्ली माती पाहिजे. पानी सोडलं का वेलाच्या बुडाशी पाय कसा गार पडे! सपनात अजूनबी पडते. जाग आली का काहीच नाही.

सहदेव : येईन व. डॉक्टर म्हनला ना, हळूहळू येते. मिट डोळे.

सत्यवती : मिटले.

सहदेव : आता?

सत्यवती : नाही.

सहदेव : आता?

सत्यवती : बोटाले लागलं. थे तं माह्यंच जुनं हाय. टाचेचं बोला.

सहदेव : बरं. आता?

सत्यवती : नाही.

सहदेव : थांब जराशीक...

सत्यवती : लागलं! अवो, लागलं! टाचेच्या मधोमध, मऊ मऊ! चला, न्या मले आत.

सहदेव : सत्ये...

सत्यवती : देवाची आन, लागलं!

सहदेव : उघड डोळे. कापूस माह्या हातातच हाय. मी टेकवलाच नोयता अजून.

सत्यवती : (पाय ओढून घेते. पदर डोळ्यांना लावते.)

सहदेव : रडू नको व. उद्या पुन्हा पाहू.

सत्यवती : फेका थो कापूस. वर्षभरात तुमी एक डाव बी हात नाही लावला त्या टाचेले.

सहदेव : भेव वाटते. दुखलं तं?

सत्यवती : दुखू द्या ना.