घरातला मोठा उभा राहते

आमचं गाव नेर. बाप कोर्टात बेलीफ होता, समन्स घेऊन सायकलीनं खेडोपाडी फिरायचा, लोक त्याले लांबून पाहूनच घरात घुसायचे अन् बायकोले म्हणायचे, सांग गावाले गेले म्हणून. त्याले वाटे पोरीनं मास्तरीण व्हावं. मले वाटे, समन्स देणारा गरीब, घेणारा त्याच्याहून गरीब, बोलते तो काळा कोटवाला, तं मंग कोटच काहून घालू नये? मामा नागपूरले होता, त्याच्या घरी राहून मी वकिली शिकली. लग्नाचं म्हणाल तं जमलं नाही, त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही.

ज्या साली आपला भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या छप्पन साली मी यवतमाळले पाटी लावली. मागच्या खोलीत राहणं, पुढच्या खोलीत कचेरी. मुन्शी नाही, भागीदार नाही, अर्ज मीच लिहायची अन् झाडूही मीच मारायची. पक्षकार यायचा, हातात झाडू पाहून विचारायचा, बाई, वकीलसाहेब घरी हायेत काय? मी म्हणायची, हायेत, बसा. आत जायची, कोट घालून यायची, म्हणायची, बोला. काही बसायचे, काही चपला घालून चालले जायचे.

काय सांगू तुम्हाले, शेताचा दावा बाईच्या हाती कोण देते? शेत म्हणजे जीव. त्याच्यानं माझ्या वाट्याले आली फौजदारी. मारामारी, चोरी, खून. बाररूममधले एक बुजुर्ग वकील म्हणायचे, बाई, तुमच्याकडे येते तो देवाच्या दारातून वापस आलेला असते. मी म्हणायची, नाही साहेब, तुमच्या दारातून वापस आलेला असते. हासायचे, पान लावून द्यायचे. माणूस चांगला होता.

तुम्ही इचारलं म्हणून सोमलाचं सांगते, नाही तं मी ते कोणाले सांगत नाही.

दारव्ह्याकडे एक तांडा आहे, नाव घेत नाही. या लोकांचे बापजादे बैलांवर माल वाहायचे, आता कास्तकारी करतात. तिथं विहिरीवर जनावरांच्या पाण्यावरून दोन घरांची जुंपली, थावरा नावाच्या जवान माणसाच्या डोक्यात काठी बसली अन् तो मेला. पोलिसांनी सोमलाले धरलं. सोमला म्हणजे दुसर्‍या घरचा मोठा भाऊ, चाळिशीचा, बोलण्यात कमी. तांड्याचा माणूस म्हटला की ठाणेदाराले अर्धी केस तिथंच जमली असं वाटे, अन् इथं तं सारा तांडाच सांगून राह्यला होता का सोमलानं नसाबात गुन्हा कबूल केला म्हणून. नसाब म्हणजे त्यांची पंचायत. नायकासमोर, चार लोकांसमोर तो उभा राह्यला, म्हणाला, चूक माझ्या पदरात घाला. मंग दोन्ही घरं एका ताटात जेवले. त्यांच्यात एका ताटात जेवलं का भांडण मिटलं, पुन्हा तो विषय कोणी काढायचा नाही.

पण कोर्टाले ताट माहीत नाही. सरकारी वकील खूश, म्हणे, पाचपंचवीस लोकांसमोर कबुली, अजून काय पाहिजे? फाशी, नाही तं जन्मठेप.

त्याची बायको धनली माझ्याकडे आली. हातभर बांगड्या, अंगावर आरशाची चोळी, अन् मले म्हणते, बाई, मोठे वकील नाही म्हणाले, तू तरी हो म्हण. मी म्हटलं, तुझ्या माणसानं मारलं काय? ती म्हणे, तो तं गाडी घेऊन दारव्ह्याच्या बाजारले गेलता, आला तेव्हा थावरा खाटेवर पडला होता. मंग मारलं कोणी? तिनं ओट्यावर कोणी नाही ना ते पाहून घेतलं. मंग म्हणे, माझ्या देरानं. रूपलानं. तुले म्हणून सांगते, कोणाले सांगशील तं मी विहिरीत जीव देईन. मी म्हटलं, विहिरीची गरज नाही, वकिलाले सांगितलेलं वकिलापाशीच राहते, तो कायदाच आहे. बाजारात सोमलासंग गेलेले दोघं तांड्यातलेच, ते काही कोर्टात येईनात.

मी जेलात गेली. सोमला म्हणे, बाई, तुम्ही कायले तरास घेता, मी उभा राह्यलो, बात संपली. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या नसाबात बात संपते, कोर्टात तिथूनच सुरू होते. तुम्ही भावाचं नाव सांगा. तो म्हणे, तिथं एक बोललो अन् इथं दुसरं बोलू? मंग त्या ताटाची काय इज्जत राह्यली? मी म्हटलं, फासावर जान. तो म्हणे, जाईन. असा माणूस. मले राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, बरं, भावाचं नाव घेऊ नका, पण मीच मारलं असंही म्हणू नका. जज्जसाहेब विचारील तेव्हा गप राहा, एवढं मले द्या. तो म्हणे, गप राहणं खोटं नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणे, मंग देतो.

पण गप राहून माणूस सुटत नाही. मी धनलीसंग तांड्यावर गेली. दारव्ह्यापर्यंत मोटर, पुढं बैलगाडी. तिथं गेली तं एक म्हातारी मले वरपासून खालपर्यंत पाहते अन् म्हणते, वकील म्हणून बाई आणली? मंग सोमल्याची फाशी पक्की समजा. बाया हासल्या. मी म्हटलं, मावशी, फाशी झाली तं बाईमुळं, सुटला तं नशिबानं, असंच म्हणसान ना? ती म्हणे, हो. चहा दिला तिनंच.

नायक बसला होता लिंबाखाली. म्हणे, बाई, बसा, जेवा, पण नसाबचं इचारू नका, ते बाहेर सांगायचं नसते. मी बसली. गाडी संध्याकाळशिवाय नव्हती, जाते कुठं? तेवढ्यात एक जण आला, म्हणे, अमक्याच्या बकरीनं माझी कापसाची पर्‍हाटी खाल्ली. बसली नसाब. नायकानं हाक दिली, बकरीवाल्या घरचं कोण आहे, उभं राहा. तं नातवाच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारा उठला. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. म्हणे, माझी चूक, बकरी मी सोडली. साऱ्यांनी मान डोलावली. मी पाहूनच राह्यली. ज्याले हातातला चहा दिसत नाही, त्यानं म्हणे बकरी सोडली. धनलीले विचारलं, हे काय? ती म्हणे, घरातला मोठा उभा राहते, त्याच्यात काय? तिच्यासाठी ते एवढं सरळ होतं का मले सांगावं असं तिले कधी वाटलंच नाही. माझा तांड्यावरचा फेरा तिथंच वसूल झाला.

कोर्टात सरकारी वकिलाचा मोठा साक्षीदार म्हणजे नायकच. पागोटं बांधून आला, शपथ घेतली, अन् शपथ घेऊन खोटं बोलणारा तो नव्हता. म्हणाला, हो, सोमलानं माझ्यासमोर चूक कबूल केली. सरकारी वकील बसले. मी उठली. म्हटलं, नायक, मी तांड्यावर आलती त्या दिवशी बकरीचा निवाडा केला तुम्ही? केला. आंधळे बाबा उभे राह्यले, म्हणाले, बकरी मी सोडली? हो. त्यांनी सोडली होती काय? नायक हासला, म्हणे, त्याले बकरी दिसते कुठं? सारं कोर्ट हासलं. मी म्हटलं, मंग ते काहून उभे राह्यले? आता त्याले कळलं मी कुठं नेऊन राह्यली ते. त्यानं सोमलाकडे पाहिलं. सोमलानं मान हलवली, नको म्हणून. नायकानं पागोटं सारखं केलं. म्हणे, घरातला मोठा म्हणून. सोमला त्याच्या घरात कोण? मोठा. बस्स. मी खाली बसली. कधी बसायचं हे कळणं म्हणजे अर्धी वकिली.

सरकारी वकील तावातावानं उठले, म्हणे, मंग मारलं कोणी? नायक म्हणे, साहेब, नसाबात हात कोणाचा ते आमी इचारत नाही. घर कोणाचं ते इचारतो.

सोमला गप राह्यला, शब्दाले जागला. साहेबांनी संशयाचा फायदा देऊन सोडला.

धनली माझ्या पाया पडली. सोमला व्हरांड्यात उभा, बेड्या काढलेले हात चोळत. म्हणे, बाई, एक सांगा. थावराच्या मायनं आता कोणाकडे पाहावं? माझ्याकडे पाहत होती, तिच्यासाठी मी होतो. आता कोण आहे? मी म्हटलं, ते माझं काम नव्हतं, भाऊ. तो म्हणे, ते खरं.

झालं काय, का थावराच्या घरचे म्हणाले, कोर्ट म्हणते यानं मारलं नाही, मंग आम्ही कोणासंग जेवलो? ताट मोडलं. पुन्हा काठ्या निघाल्या. कोर्टाच्या हिशेबानं मोठा भांडणात नाही अन् धाकट्याचं नाव कोणी घेत नाही, मंग त्या घरातून उभं राहायले कोणी उरलंच नाही, अशात सोमलानं तांडाच सोडला. मुकुटबनकडे दुसर्‍याच्या वावरात राहते. धनली दिवाळीले येते, तूर आणते, खूश असते, तिले तिचा माणूस भेटला. तो कधी आला नाही. रूपला तिथंच आहे, लेकरंबाळं झाली. मी माझं काम केलं, उद्या तसाच माणूस आला तं तसंच करीन. मी न्यायाधीश नाही, एका माणसाची वकील आहे, हे मी दर खेपेले स्वतःले सांगते.

पण थावराची माय येते. याडी म्हणतात त्यांच्यात मायले, मीही याडीच म्हणते. पहिल्यांदा आली तेव्हा मले वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. यवतमाळच्या बाजारले आली का माझ्या ओट्यावर टेकते, पाणी पिते, अन् एकच इचारते, बाई, तुले माहीत आहे ना? मले माहीत आहे. सांगता येत नाही. मी म्हणते, याडी, ते मले बोलता येत नाही. ती म्हणते, म्हणजे माहीत आहे. मी तिचा तांब्या पुन्हा भरते. ती उठून रूपलाच्या घरावरूनच आपल्या घरी जाते, विहीर एकच आहे त्यांची.

मागच्या महिन्यात आली तं लय थकली होती. पक्षकार बसले होते, एक चोरीचा, एक मारामारीचा, ते तिले जागा द्यायले उठले. ती बसली नाही, इचारलंही नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणे, तुझे लोक सुटत राहो, बाई, अन् माझ्यासारखी तुझ्या दाराशी दुसरी कोणी न येवो.

मी हो म्हटलं. अन् मारामारीवाल्याले म्हटलं, बोला.