गेममधली आई

हॅलो? … हॅलो, मावशी, मीच. ठेवू नकोस… अगं, ऐक ना! आई जागी आहे?

मग दे की तिला फोन.

माहीत आहे, ती घेत नाही. ऑपरेशन झाल्यापासून कुणाचाच घेतला नाहीये… हो, हो… ‘घशात आवाजच ठेवला नाही डॉक्टरांनी, फोनवर काय करू’ असं पाटीवर लिहिलं तिने, सांगितलंस तू. पण बोलायचं तिला नाहीच आहे, मी बोलेन. तू फोन तिच्यापुढे टेबलावर ठेव, स्पीकर लाव आणि तिच्या हातात एक चमचा दे.

चमचा गं! साधा, चहाचा… कशाला ते तिला कळेल.

थांबते. थांबलेच आहे.

… आई? आई, मी आहे. ऐकू येतंय ना तुला? चमच्याने सांग. आपलं जुनंच, एकदा हो, दोनदा नाही.

… आई?

… एकदा! ऐकू आलं, आई. आलं ऐकू.

रडत नाहीये गं, मावशी, सर्दी झालीये… दोनदा, आई? बरं बाई, नाही सर्दी. तुझ्यापुढे थाप कधी चाललीये माझी?

किती वर्षांनी गं हे चमचा-प्रकरण! दिवसभर डबिंगचं रेकॉर्डिंग करून यायचीस आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. घशाला विश्रांती. पुढ्यात गरम पाण्याचा पेला आणि हातात चमचा. एकदा हो, दोनदा नाही, तीनदा म्हणजे ‘जेवायला चला’. स्टुडिओत जगाची आई व्हायचीस आणि आम्हाला नुसती टकटक! धाकट्याला तर वर्गातली मुलं विचारायची, तुझी आई मुकी आहे का रे…

… सॉरी. आई, सॉरी. काय बोलले मी. जिभेला हाड नाही माझ्या.

आहेस ना? … एकदा. बरं.

ऐक, फोन कशाला केला ते. आज माळ्यावरचा खोका काढला. त्यात काय सापडलं असेल? पाणमांजराचा गेम!

हो, तोच! सिनेमा आला की मागोमाग त्याचा गेम काढायचे ना तेव्हा, पोरांच्या गळ्यात मारायला. पुरात वाहून गेलेलं पिल्लू आणि त्याला शोधणारी आई; आपण पिल्लू व्हायचं आणि तिच्या लांबून येणाऱ्या हाकांवर पोहत जायचं. सिनेमात पाणमांजरीचा आवाज त्या बड्या नटीचा. गेमसाठी ती परवडेना, म्हणून तुला बोलावलं आणि वर म्हणाले, ‘हुबेहूब तिच्यासारखं बोला’… एकदा. आठवतंय तर! आणि बाबा गल्लीभर सांगत सुटले, सिनेमातसुद्धा आमचीच आहे म्हणून. शेजारच्या शिंपीणकाकू थिएटरात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘आवाज चांगला होता, पण तुमचा नव्हता.’

चालतोय गं! वायर जरा दाबून धरावी लागते, चित्र हिरवट दिसतंय, पण आवाज खणखणीत आहे. लावू?

… आई, लावू का?

… एकदा. किती हळू वाजवलंस. बरं, ऐक हं.

‘जपून, पिल्ला! पुढे भोवरा आहे!’

ऐकलंस? तू आहेस! काय आवाज लागलाय गं! थांब, आता मी पाण्यात पडते. मुद्दाम. पडल्यावरचं वाक्य ऐक…

‘काही नाही झालं. अंग झटक, पुन्हा ये.’

हे! हेच! अजून एकदा पडते…

‘काही नाही झालं. अंग झटक, पुन्हा ये.’

आणि ‘झटक’ म्हणताना तू अशी जराशी हसतेस, ते बघ… ऐक, पुन्हा…

‘काही नाही झालं. अंग—’

काय? … मावशी, तू मध्ये बोलू नकोस गं, आईला ऐकू दे… काय? कधीपासून ठोकतेय? … दोनदा?

बंद केला. आई, बंद केला बघ.

…

मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल. तुझाच आवाज तुला ऐकवला मी, आणि तोही आत्ता. अक्कल गहाण ठेवलीये माझी. जखमेवर मीठ चोळलं.

टाकून देऊ का गं हा खोका? … दोनदा. नको? … बरं. ठेवते.

खरं सांगू? दुपारपासून मी एकटीच ऐकत बसलेय. आमच्याकडे तुझं दुसरं आहे काय? माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तू नुसती हसतेस आणि अक्षता वाटतेस. एवढं बोललीस जन्मभर, दुसऱ्यांच्या तोंडी घालायला बोललीस, आणि घरात उरलं काय, तर भोवऱ्याची आठ-दहा वाक्यं.

लहानपणी पण मी हेच करायचे. तू आत गप्प बसलेली असायचीस, म्हणून मी गेममध्ये पाण्यात पडायचे, तू बोलावीस म्हणून. धाकटा रडकुंडीला यायचा. ‘ताई, अशी पडत राहिलीस तर आपण शेवटाला कधी पोचणार?’ नाहीच पोचलो. आणि आता तर सीडीवर एवढे ओरखडे पडलेत की धबधबा आला की गेम गोठतो. पुढे जातच नाही.

शेवटी पिल्लू सापडतं ना तिला?

… एकदा. चला, निदान ते तरी.

मग ती त्याला काहीतरी म्हणत असेल. तू म्हटलं होतंस ते? रेकॉर्ड केलं होतंस?

… एकदा.

काय गं म्हणते?

…

मी पण ना! कुणाला विचारते आणि काय विचारते. तू असं कर, पाटीवर लिही, मावशी वाचून दाखवेल मला… दोनदा. मावशीच्या तोंडून नको? … एकदा. ते मात्र खरं हं, मावशीने वाचलं तर बातम्या ऐकल्यासारखं वाटेल… रागावू नकोस गं, मावशी, गंमत केली.

राहू दे, आई. नाही कळलं तर नाही कळलं. इतकी वर्षं कुठे काय अडलं होतं…

काय? पुन्हा कर, नीट ऐकू नाही आलं.

… एक, दोन, तीन.

तीन म्हणजे… आई, जेवायला काय? तुला तर अजून नळीतूनच… थांब. थांब. ती हे म्हणते? पाणमांजर? पिल्लू सापडल्यावर?

… एकदा.

‘जेवायला चल’?

… एकदा.

एवढा पूर, एवढा तो धबधबा, आणि शेवटी जेवायला चल! … अगं, रोज तर वाजवायचीस तू. आम्ही पहिल्या हाकेला उठायचोसुद्धा नाही.

आई… अजून एकदा वाजव ना.

… एक, दोन, तीन.

हो. येते. आत्ता निघते… नाही, भूक आहे मला, सकाळपासून काही खाल्लेलंच नाही. मावशी, ऐकतेयस ना? माझं ताट वाढून ठेव. स्वयंपाकघरात नको, आईजवळच… अगं, तिला विचार की. आई, मी तुझ्यासमोर जेवले तर चालेल तुला? त्रास होणार असेल तर दोनदा वाजव.

…

… एकदा.

बरं. येतेच. ठेव आता.

ठेव ना, आई. … दोनदा? बरं, तू नको ठेवूस. मीच ठेवते.