झिजलेल्या गोळ्यांचं वजन

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक साहेब, जमलेले आजी-माजी सहकारी, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या दळणबाई, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सूनबाई आणि मित्रहो,

दोन शब्द बोल, असा हुकूम आहे. अध्यक्षांना माझे दोन शब्द किती लांबतात ते ठाऊक आहे; त्यांनी घड्याळ काढून ठेवलंच आहे.

दळणबाई हे नाव मीच थट्टेनं ठेवलं. बत्तीस वर्षं बाईंनी प्रयोगशाळेत कोळसा दळला. भुसा आणि टरफलं कमी हवेत भाजून केलेला कोळसा, म्हणजे आपला बायोचार. पोलादी गोळे घालून फिरवायच्या गिरणीत त्याचं काजळासारखं पीठ व्हायचं. ते तापवून त्यावरून लाकूड भाजताना निघणारा वायू आणि वाफ सोडली की हायड्रोजन भरभरून निघायचा. "धातूचा कणही नाही, निव्वळ कोळसाच उत्प्रेरक!" असा डांगोरा मी पिटला. याच सभागृहात माझा सत्कार झाला. टाळ्या तुम्हीच वाजवल्यात ना?

त्याच आठवड्यात बाई वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. गिरणीतले गोळे पुसून त्या दर महिन्याला वजन करायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपली सवय. म्हणाल्या, "साहेब, गोळे झिजलेत. मग ते लोखंड गेलं कुठं?"

मी काय म्हणालो असेन? "बाई, तुम्ही दळा. विचार करायला आम्ही आहोत."

पण मनात पाल चुकचुकली. रविवारी एकटाच आलो, चिनीमातीच्या खलात कोळसा हातानं कुटला आणि प्रयोग केला. हायड्रोजन पाव हिश्शानंही आला नाही. सगळी करामत पिठात मिसळलेल्या लोखंडाची होती. तो कागद मी फाडून टाकला.

पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेनं आमचाच कोळसा मागवला, त्यांच्या दगडी गिरणीत दळला, आणि निकाल काही मिळेना. चौकशी आली. मी लिहून दिलं, 'बाईंनी चुकीच्या पोत्यातला कोळसा पाठवला.' बाई एवढंच म्हणाल्या, "साहेब, पोतं तर एकच होतं ना?" तो शेरा त्यांच्या फायलीत बसला आणि बढती गेली ती गेलीच. सूनबाई, घरी त्यांनी हे सांगितलं नसेल. त्या तशाच आहेत.

आज सकाळी मी संचालकांना दोन पत्रं दिली. शेरा खोटा होता हे एकात, आणि माझा शोधनिबंध मागे घ्यावा हे दुसऱ्यात. साहेब, पाकीट अजून तुमच्या खिशातच दिसतंय. उघडलंत तरी चालेल. एवढं करायला मला अकरा वर्षं लागली, तेही बाई निघाल्यावर. मला लाज वाटते, मित्रहो. दुसरा शब्द नाही.

इतकं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. लिहिण्यात जे केलं, ते मात्र घेऊ नका.

बाई, आता उत्तराला तुम्ही उठाल आणि रीत म्हणून माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलाल. कृपा करून बोलू नका. वही पिशवीत असेलच. गोळ्यांची वजनं वाचा, पहिल्या पानापासून. मी उभा राहून ऐकतो.