मंगळवारचा प्रकाश आणि फुग्याची खोली

जबाब देणार: हवामान वेधशाळेतील निरीक्षक बाई, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार वेधशाळेमागील कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक ४.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी धाकट्या भावासह राहते. तो घड्याळे दुरुस्त करतो. 'एका मिनिटात देतो' म्हणून गिऱ्हाइकाला आठवडाभर फिरवतो, त्यामुळे सगळे त्याला मिनिट म्हणतात. रोज सायंकाळी साडेपाचला वेधशाळेतून हायड्रोजन भरलेला फुगा सोडणे हे एकोणीस वर्षे माझे काम आहे. खाली अंधारू लागले तरी उंचावर फुग्यावर ऊन असते, त्यामुळे तो चमकतो. वर्षातून दोन-चार वेळा लोक उडती तबकडी दिसल्याचे कळवतात. मी त्यांना फुगा सोडल्याची वेळ सांगते. एरवी तेवढ्यावर भागते.

गेल्या मंगळवारी गॅस कमी असल्याने फुगा सोडला नव्हता. त्या सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेला एक प्रकाश दिसला. तो बारा मिनिटे एका जागी होता, नंतर दिसेनासा झाला. मी स्वतः पाहिला. विमानतळावर फोन केला, त्या बाजूला विमान नव्हते. शुक्राची चांदणी सध्या पहाटे असते. मी नोंदवहीत 'अज्ञात' असे लिहून सही केली. जेवताना हे भावाला सांगितले. सांगायला नको होते.

बुधवारी तो माझा डबा देण्याच्या निमित्ताने आला आणि त्या पानाचा फोटो काढून गेला. गुरुवारी तो फोटो ज्याच्या त्याच्या फोनवर होता. खाली लिहिले होते, 'वेधशाळेची कबुली, परग्रहावरचे पाहुणे आले.' मी दिवसभरात साठेक फोन घेतले. अज्ञात म्हणजे मला माहीत नाही, एवढाच अर्थ, हे प्रत्येकाला सांगितले. निम्मे म्हणाले, बाई लपवतात. उरलेले म्हणाले, बाईंना भास झाला. आमचे साहेब म्हणाले, "फुगाच होता असं लिहून टाका, विषय मिटेल." फुगा सोडलाच नसताना तसे लिहिता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी फोन ठेवला.

काल शुक्रवारी पाच वाजून वीस मिनिटांनी चाळीसेक लोक आवारात शिरले. फुग्याच्या खोलीत काहीतरी आणून ठेवले आहे, दार उघडा, असे त्यांचे म्हणणे होते. आत फुगा निम्मा भरलेला होता. मी बाहेरून कुलूप घालून दारासमोर उभी राहिले. आत हायड्रोजन आहे, ठिणगी पडली तर भडका उडेल, असे तीन-चारदा सांगितले. भाऊ पुढे आला.

"ताई, त्या पानावर सही तुझीच ना?"

"माझीच."

"मग आता का फिरतेस?"

"फिरले नाही. माहीत नाही असं लिहिलंय. आजही माहीत नाही."

"एकोणीस वर्षं वर बघून तुलाच कळलं नाही, तर कुणाला कळणार?"

मी कुलपावर हात ठेवला.

मला बाजूला ढकलून लोखंडी सळईने कुलूप तोडण्यात आले. भाऊ आधी आत गेला. त्याच्यामागे एक जण चित्रीकरणासाठी मोठा दिवा घेऊन शिरला. दिव्याची वायर दारात अडकून तुटली, ठिणगी उडाली आणि फुगा पेटला. भावाने त्या वेळी दोन्ही हात फुग्याकडे केले होते. बाकी लोक पळाले. मी त्याला बाहेर ओढले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत, पंचवीस मिनिटे, त्याचे हात नळाखाली धरले. बोटे पूर्वीसारखी चालतील का हे महिन्याभराने सांगू, असे डॉक्टर म्हणतात.

आज सकाळी मी त्याला चमच्याने पाणी पाजत असता तो म्हणाला, "मंगळवारी ते आलेच नव्हते, असं छातीठोक सांगशील?" मी नाही म्हटले. "झालं तर मग," असे म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केले.

जबाब घेणाऱ्या हवालदारांनी मला दोनदा विचारले, "बाई, कुलूप जमावातल्या कोणीतरी तोडलं, असं घालू का? सख्खा भाऊ आहे." तसे घालू नये. कुलूप माझ्या भावाने तोडले. मी हातभर अंतरावर होते आणि उजेड पुरेसा होता.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात आहे, जास्त काही नाही. खाली सही केली आहे.