दुसऱ्या खांद्याचं लोणी

पोळ्याचा आदला दिवस. बैलांचे खांदे मळायला लोणी हवं म्हणून आसेगावच्या बाजारात गोजराबाईपुढं रांग लागली होती. माझ्यापुढं जगदेव उभा होता.

"किती देऊ रे, जगदेव?"

"दोन खांद्यायपुरतं दे, मावशी."

"दोन? तुहा ढवळ्या तं आखाडात मेला ना?"

"मेला."

"मंग नवा बैल आनला का?"

"नाई आनला. एकटा पवळ्याच हाये."

"मंग जास्तीचं कायले नेतं? मेलेल्या बैलाच्या नावानं लोणी-हळद लावत नाईत, बापा."

"त्याच्यासाठी नाई नेऊन राह्यलो."

"अन् एका बैलावर वावरातलं तन कसं डवरलं तू?"

"पवळ्याच्या जोडीले माही घरवाली होती, रुख्मिणी. मी म्हनलं, जू मी घेतो, तू डवरा धर. तं म्हने, माह्या हातून डवरा वाकडा जाते, पीक कापल्या जाईन. तिनंच जू घेतलं."

"किती दिवस?"

"सारं वावर होईलोक."

"खांदा?"

"सोलला. आता खपली धरली. मले पाहू देत नाई."

"मंग लोणी लावू देईन का?"

"पवळ्याले लावल्यावर तिच्यापुढं बसीन. देईन."

"खांदा मळून बैलाले तं आपन उद्या जेवाले या म्हनतो. तिले काय म्हनशीन?"

"उद्याचा सैपाक मी करतो म्हनीन."

"तुले पुरनाच्या पोळ्या येतात?"

"नाई येत. पन पोळ्याच्या दिवशी जोडीले कोनी कामाले लावते का, मावशी?"