बाबाच्या फोटोचं कपाळ

नवा प्रिंटर कायले घेऊन राह्यला? आमचा पडूनच हाये, घेऊन जा. फक्त घरच्या मानसाचा फोटो त्याच्यावर काढू नको.

बाबा गेले तवा मोठा भाऊ म्हणे, "कारंज्याच्या स्टुडिओत कायले जा लागते? प्रिंटर हाये ना घरी." फोटो झकास निघाला. पुठ्ठ्यावर चिकटवला, तेरवीले हार घातला. मंग आई रोज सकाळी आंघोळ करून त्याले ओलं गंध लावे. ओल्यानं शाई पसरत गेली, बाबाचं कपाळच पुसून गेलं.

शेवटी भावानं स्टुडिओतून पक्का फोटो आणला, काचेच्या फ्रेमीतला. आईनं गंधाचं बोट काचेवर टेकवलं.

म्हणे, "याच्यात त्यायच्या कपाळाले हात नाही लागत रे."